घरच्या गॅरेजसाठी एअर कॉम्प्रेसर: निवड, जोडणी आणि पावसाळ्यातलं पाणी

दुकानात कॉम्प्रेसर मागितला की पहिला प्रश्न येतो, "किती एचपी?" आणि दुसरा, "टाकी केवढी?" या दोन आकड्यांवर सौदा होतो आणि यंत्र टेम्पोत चढतं. नंतर बॉनेटवर रंग मारताना गनचा फवारा मध्येच मंदावतो, तेव्हा खरा प्रश्न समोर येतो: हे यंत्र मिनिटाला प्रत्यक्षात किती हवा देतं आणि आपलं हत्यार मिनिटाला किती खातं? एचपीवरून फक्त मोटरचा अंदाज येतो आणि टाकीवरून साठ्याचा. गच्चीवरची टाकी कितीही मोठी बांधली तरी बोअरला पाणी नसेल तर ती एकदाच कामाला येते, इथेही तोच हिशेब आहे.

पुढचं सगळं बंगला, रो-हाउस किंवा गावाकडच्या घराच्या गॅरेजला धरून लिहिलं आहे. सिंगल फेज वीज, एक-दोन गाड्या, थोडं सुतारकाम आणि अधूनमधून रंगकाम, असा साधारण वापर गृहीत आहे.

हत्यार किती हवा खातं

हवा सीएफएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला घनफूट. १ सीएफएम म्हणजे २८.३ लिटर. दाब बारमध्ये किंवा पीएसआयमध्ये मोजतात आणि १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. पेट्रोल पंपावर आपण "बत्तीस हवा टाका" म्हणतो ते ३२ पीएसआय, म्हणजे २.२ बार.

टायर भरायला फारसं काही लागत नाही. मोटारीचा १५ इंची टायर पूर्ण रिकामा असला तरी ८० लिटरच्या आसपास मोकळ्या, म्हणजे न दाबलेल्या, हवेत भरतो. खिळे मारायच्या ब्रॅड नेलरला एका खिळ्यामागे लिटरभर पुरते. या दोनच कामांसाठी कॉम्प्रेसर हवा असेल तर १ एचपी आणि २५ ते ५० लिटरची टाकी पुष्कळ झाली, पुढचा अर्धा हिशेब करायची गरजच नाही.

अडचण सुरू होते ती सलग चालणाऱ्या हत्यारांपाशी. पारंपरिक स्प्रे गनला ६ ते ८ सीएफएम लागतात, एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) गनला १० ते १४, गोल फिरणाऱ्या सँडरला १० ते १२. अर्धा इंची इम्पॅक्ट रेंचच्या खोक्यावर ४ किंवा ५ सीएफएम छापलेलं असतं, पण तो आकडा मिनिटातली १५ सेकंदंच खटका दाबला असं धरून काढलेला असतो. चाकाचे नट सोडायला ते चालतं, कारण आपण तसंच वापरतो. डाय ग्राइंडरवरही असाच सौम्य आकडा असतो, पण ते हत्यार आपण मिनिटभर सलग धरतो आणि तिथे फसतो. सँडब्लास्टिंगचा विचार घरच्या सिंगल फेजवर सोडून द्यावा. ३ मिमीची नोझल ७ बारला २० सीएफएमच्या आसपास हवा ओढते, तेवढी द्यायला साडेपाच-सात एचपीचं यंत्र लागतं.

कॅटलॉगमधला आकडा आणि खरा आकडा

कॅटलॉगवर ठळक छापलेला सीएफएम बहुतेक वेळा 'डिस्प्लेसमेंट' असतो. पिस्टनचं क्षेत्रफळ, स्ट्रोकची लांबी आणि फेरे यांचा तो नुसता गुणाकार. प्रत्यक्षात प्रत्येक स्ट्रोकला हेडमध्ये थोडी दाबलेली हवा उरते, ती परत फुगते आणि तेवढी नवी हवा आत येत नाही. शिवाय पंप तापला की आत येणारी हवा विरळ होते. टाकीत पोचणारी हवा म्हणजे 'फ्री एअर डिलिव्हरी', एफएडी. एका टप्प्याच्या (हवा एकदाच दाबणाऱ्या) पिस्टन यंत्रात ती डिस्प्लेसमेंटच्या ६० ते ७५ टक्के निघते. ढोबळ मानाने १ एचपीमागे ३ ते ३.५ सीएफएम खरी हवा मिळाली तर पंप ठीक समजायचा. २ एचपीचं यंत्र १० सीएफएम देतं असं कोणी सांगत असेल तर तो एफएडीबद्दल बोलत नाही.

हे दुकानातच तपासता येतं, घड्याळ पुरे. टाकीच्या पाटीवर लिटर वाचा. यंत्र चालू करून गेजचा काटा ५ बारवर आला की वेळ धरा, ७ वर आला की थांबा. १०० लिटरच्या टाकीत २ बार वाढले म्हणजे २०० लिटर मोकळी हवा आत गेली. ८५ सेकंदं लागली तर मिनिटाला १४१ लिटर, म्हणजे ५ सीएफएम. दोन मिनिटं लागली तर साडेतीन. गरम हवेमुळे काटा थोडा पुढे दाखवतो, म्हणून हे उत्तर यंत्राच्या बाजूने किंचित झुकलेलं असतं. त्यातही जे नापास झालं ते घेऊ नये.

आता हाच पंप घेऊन रंगकामाचा हिशेब मांडू. १०० लिटर टाकी, ५ सीएफएम खरी हवा, ८ बारला बंद होऊन ६ बारला सुरू होणारा प्रेशर स्विच आणि हातात १० सीएफएम खाणारी एचव्हीएलपी गन. गनला रेग्युलेटरमधून ३ बार हवे आहेत, म्हणजे टाकी ४ बारपर्यंत उतरली तरी चालतं. ८ ते ६ बारपर्यंतचे २०० लिटर ४२ सेकंदांत संपतात. मग पंप सुरू होतो, तूट अर्धी होते आणि ६ वरून ४ वर यायला आणखी ८५ सेकंदं मिळतात. एकूण दोन मिनिटांच्या जरा वर. त्यानंतर टाकी परत भरायला पावणेतीन मिनिटं. दाराचा एक हात एवढ्यात होतो. बॉनेटचा क्लिअर कोट होत नाही, कारण मध्ये थांबलं की ओल्या कडेवर पट्टा उमटतो. यावर २०० लिटरची टाकी घेणं हा अर्धाच उपाय आहे, कारण रंगवायचा वेळ दुप्पट होतो तसा भरायचा वेळही दुप्पट होतो. कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घेतली की ४ ते ६ सीएफएममध्ये भागतं, आणि घरच्या गॅरेजला हा मार्ग मोठ्या यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

कोणत्या जातीचा पंप

डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रात पंप मोटरच्या दांड्यावरच बसतो आणि २८०० च्या आसपास फेऱ्यांनी पळतो. हलका, स्वस्त, पण आवाज मोठा आणि तापतोही लवकर. बेल्टवाला पंप ७०० ते १००० फेऱ्यांवर चालतो, त्याचं फ्लायव्हीलच पंखा होऊन हेड गार ठेवतं आणि वॉशर-रिंगा जास्त टिकतात. जागा असेल तर बेल्टवालाच घ्यावा.

ऑइल-फ्री यंत्राला तेल बघावं लागत नाही आणि हवेत तेलाचा अंश येत नाही, पण सलग कामाला ते कमी टिकतं. 'सायलेंट' म्हणून विकतात ती ऑइल-फ्री यंत्रं १४४० फेऱ्यांच्या चार-पोल मोटरवर चालतात आणि खरोखर शांत असतात. शेजाऱ्याची बेडरूम भिंतीपलीकडे असेल तर हवेत थोडी तडजोड करून हेच बरं. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. उघड्या शेडमधला साधा डायरेक्ट ड्राइव्ह पंप ती सहज ओलांडतो.

आमचा कौल असा: गाडी, सुतारकाम आणि अधूनमधून रंग, अशा गॅरेजसाठी २ एचपी, बेल्ट, तेलवाला, एका टप्प्याचा, ८ बार, १०० ते १२० लिटर. दोन टप्प्यांच्या यंत्राचा १२ बारचा दाब घरात कोणतंच हत्यार वापरत नाही, तो रेग्युलेटरमध्ये उतरवण्यासाठी वीज जाळण्यात अर्थ नाही. कंपनी ठरवताना एकच विचारा: व्हॉल्व्ह प्लेट, गॅस्केट आणि रिंगा तालुक्याच्या गावात मिळतात का? नसतील तर कितीही देखणं यंत्र दोन रुपयांच्या पत्तीसाठी महिनाभर पडून राहतं.

फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर आणि गॅसचा सिलिंडर जोडून केलेला जुगाड टाळा. त्या पंपाची हवा १ सीएफएमही भरत नाही, तो तेल पुढे फेकतो, सिलिंडरला तळाशी पाणी काढायची सोय नसते आणि घरगुती सिलिंडर मुळात तेल कंपनीची मालमत्ता असतो. सेकंडहँड यंत्र घेताना टाकी रिकामी करून तळाचा कॉक उघडा. गढूळ पाणी येणं चालेल, तपकिरी पापुद्रे पडले तर परत फिरा. टाकीवर कुठेही वेल्डिंगचं ठिगळ दिसलं तर किंमत विचारायचीही गरज नाही. नव्या टाकीचं हायड्रो टेस्टचं प्रमाणपत्र मागून घ्या. ही चाचणी पाण्याने करतात आणि सर्वसाधारणपणे ठरवलेल्या दाबाच्या दीडपटीवर.

वीज: इथे यंत्रं जळतात

२ एचपीची सिंगल फेज मोटर चालू स्थितीत १० ते १२ अँपिअर घेते. सुरू होताना मात्र क्षणभर ५० ते ७०. घरातला बी-कर्व्ह १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) ४८ ते ८० च्या दरम्यान झटक्याने पडतो, म्हणून यंत्रात काही दोष नसताना तो दर दोन-तीन सुरुवातींना पडत राहतो. सी-कर्व्ह १६ घ्या, तो ८० ते १६० च्या दरम्यान पडतो. त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच, कारण ओलसर फरशी आणि लोखंडी टाकी एकत्र आहेत. अर्थिंगची वायर टाकीच्या पायालाही जोडलेली असावी.

वायर कमीत कमी २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची, आणि मीटरच्या बोर्डापासून गॅरेज १५ मीटरहून लांब असेल तर ४ ची. कारण आकड्यात पाहा: २० मीटर अंतरावर सुरुवातीला ६० अँपिअर ओढले की अडीचच्या वायरमध्ये २१-२२ व्होल्ट गळतात, चारच्या वायरमध्ये १३. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घसरते. २३० च्या जागी १८० व्होल्ट असले तर सुरुवातीचा जोर ६१ टक्केच उरतो. गावाकडे संध्याकाळी एवढं व्होल्टेज रोजचंच असतं. अशा वेळी मोटर नुसती घूं-घूं करते, फिरत नाही आणि अर्ध्या मिनिटात कपॅसिटर किंवा वाइंडिंग जातं. बोर्डावर साधा डिजिटल व्होल्टमीटर बसवून २०० च्या खाली खटका न दाबण्याची शिस्त ठेवा.

एक्स्टेन्शन बोर्डावर कॉम्प्रेसर चालवू नका. लांब जायचं असेल तर हवेचा पाइप लांब करा, विजेचा नको. २ एचपीपर्यंत १६ अँपिअरचा प्लग टिकतो, पण डीपी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) स्विचमधून थेट जोडणी जास्त बरी, कारण प्लगच्या पिना सैल होऊन तापतात. ३ एचपीला १५ ते १८ अँपिअर लागतात, तिथे प्लग चालतच नाही, आणि शक्यतो थ्री फेजचाच विचार करावा.

विजेच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो बघा. गीझर, एसी आणि कॉम्प्रेसर एकाच वेळी चालणार असतील तर भार वाढवून घ्यावा लागेल. घरगुती मीटरवर स्वतःच्या गाडीचं काम करणं वेगळं आणि पैसे घेऊन लोकांच्या गाड्या रंगवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराचं बिल येऊ शकतं.

जागा

फ्लायव्हीलची बाजू भिंतीकडे करून मध्ये किमान ३० ते ४५ सेंटिमीटर मोकळं ठेवा. बेल्टला हात लागत नाही आणि पंख्याला हवाही मिळते. २ एचपीचं यंत्र चालताना जवळपास दीड-दोन किलोवॉट उष्णता खोलीत सोडतं, म्हणून जिन्याखालच्या बंद कपाटात ते कोंबू नये. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हेड इतकं तापतं की तेल जळून व्हॉल्व्हवर काजळी धरते.

रंगकामाच्या कोपऱ्यापासून यंत्र लांब हवं, भिंतीपलीकडे असेल तर उत्तम. दोन कारणं आहेत. एअर फिल्टर रंगाचे कण ओढून चोंदतो, आणि प्रेशर स्विचच्या टोकांना प्रत्येक वेळी ठिणगी उडते. थिनरची वाफ आणि ठिणगी एका खोलीत नकोत.

पायांखाली जाड रबरी पॅड ठेवा, फरशी समपातळीत असू द्या. पाय काँक्रीटला बोल्टने करकचून आवळायचा मोह होतो, पण फरशी जरा जरी वाकडी असली तर आवळताना टाकी पिळते आणि थरथरीने पायाच्या वेल्डपाशी तडा जातो. बोल्ट लावायचेच तर पॅडवर, हाताने घट्ट करून डबल नटने अडकवा. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी टाकीच्या पोटाला बाहेरून इपॉक्सी प्रायमरचा एक हात आधीच मारून घ्यावा. खारी हवा आधी तळाशी लागते आणि आपलं लक्ष तिथे शेवटी जातं.

लाइन टाकणं

आधी काय वापरायचं नाही ते. नळकामाचा पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी पाइप हवेला वापरू नका. त्यावर छापलेला दाब पाण्यासाठीचा असतो. पाण्याचा पाइप फुटला तर चीर पडून पाणी सांडतं, दाबलेल्या हवेचा फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. पत्र्याखालच्या उन्हाने त्याची ताकद आणखी कमी होते आणि हा पाइप वर्ष-दोन वर्षं बिनबोभाट चालतो, म्हणूनच तो फसवा आहे.

पर्याय तीन. अर्धा इंची बी-क्लास जीआय पाइप स्वस्त आणि कोणीही प्लंबर टाकून देतो, फक्त काही वर्षांनी आतून गंजाची पूड सोडतो. हवेसाठीच बनवलेले अ‍ॅल्युमिनियमचे पाइप महाग पण कायमचे. १२ मिमीची पीयू ट्यूब आणि वनटच फिटिंग हे सगळ्यात सोपं, लहान गॅरेजला पुरतं, मात्र उन्हापासून आणि वेल्डिंगच्या ठिणगीपासून लपवावी लागते.

टाकीच्या आउटलेटला आधी बॉल व्हॉल्व्ह, मग अर्धा ते एक मीटर लवचिक होज आणि मग भिंतीवरची लाइन. ही होज गाळली तर पंपाची थरथर थेट पाइपच्या आट्यांपर्यंत जाते आणि महिन्याभरात गळती सुरू होते. लाइन छताजवळून न्या, दर मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या, कॉम्प्रेसरपासून दूर जाणारा. प्रत्येक पॉइंटसाठी फांदी पाइपच्या वरच्या बाजूने काढून वळवून खाली आणा, म्हणजे तळाशी वाहणारं पाणी फांदीत उतरत नाही. लाइनचं शेवटचं टोक खाली आणून तिथे बॉल व्हॉल्व्ह लावा, पाणी तिथून काढायचं. फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटवून बसवला तर गरम वाफ त्यातून सरळ निघून जाते आणि पुढे गार होऊन गनपाशी पाणी बनते. मध्ये ६ ते ८ मीटर पाइप जाऊ द्या, मग फिल्टर.

एफआरएल म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि लुब्रिकेटर एकत्र. यातला लुब्रिकेटर इम्पॅक्ट रेंच आणि ग्राइंडरच्या फांदीवरच हवा. रंगाच्या फांदीवर तो चुकूनही नको, एकदा तेल गेलेली होज पुन्हा रंगाला वापरता येत नाही, कितीही धुतली तरी रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे येतात. दोन फांद्या, दोन होज, दोन रंगांचे टेप गुंडाळून ठेवा.

आट्यांबद्दल थोडं. आपल्याकडे बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे चालतात, पण काही आयात हत्यारांवर एनपीटी (अमेरिकी मापाचे) असतात. पाव इंचात बीएसपीला इंचात १९ आटे आणि एनपीटीला १८, त्यामुळे दोन फेरे जाऊन अडकतं आणि कळतं. अर्ध्या इंचात दोघांचे आटे १४ च, कोन मात्र ५५ आणि ६० अंश, त्यामुळे घट्ट बसल्यासारखं वाटतं आणि कायम गळतं. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे, पहिला आटा मोकळा ठेवून, म्हणजे टेपचे तुकडे रेग्युलेटरमध्ये जात नाहीत. क्विक कपलर एकाच पद्धतीचे घ्या. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एसएम, पीएम, एसएच, पीएच मालिकेत पहिलं अक्षर सॉकेट की प्लग ते सांगतं, दुसरं बाहेरचे आटे की होजचं टोक ते, आणि २०, ३०, ४० हे अनुक्रमे पाव, तीन-अष्टमांश आणि अर्धा इंच. मुंबईत नागदेवीला ही सगळी सुटी फिटिंग एका गल्लीत मिळतात.

होज ८ मिमी आतल्या व्यासाची बहुतेक कामाला चालते, इम्पॅक्ट रेंचला १० मिमी. स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेली बारीक होज टायर आणि धूळ उडवण्यापुरती ठीक. रेंच नट सोडत नाही अशी तक्रार असेल तर खटका दाबून धरलेला असताना हत्यारापाशी दाब मोजा. नुसता उभा असताना ६.२ बार आणि दाबल्यावर ४ असेल, तर दोष होज किंवा कपलरमध्ये आहे, पंपात नाही.

पहिल्यांदा सुरू करताना

तेल काचेच्या मध्यावरच्या लाल ठिपक्यापर्यंत भरा. कॉम्प्रेसरचंच तेल, आयएसओ व्हीजी १०० किंवा एसएई ३०. गाडीचं मल्टिग्रेड इंजिन ऑइल ओतू नका, त्यातली डिटर्जंटं पाणी तेलात मिसळून ठेवतात आणि हेडवर काजळी वाढवतात. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला की १० ते १२ मिमी झुकावा. दोन्ही पुलींवर सरळ पट्टी टेकवून त्या एका रेषेत आहेत का पाहा. थ्री फेज असेल तर फ्लायव्हील बाणाच्या दिशेने फिरतं ना हे क्षणभर चालू करून तपासा. उलटं फिरत असेल तर कोणत्याही दोन फेजांची अदलाबदल करायची.

मग ड्रेन कॉक आणि आउटलेट पूर्ण उघडे ठेवून यंत्र २० ते ३० मिनिटं बिनदाबाने चालू द्या. रिंगा आणि सिलिंडर एकमेकांशी जुळतात ते याच वेळात, आणि घाईत गाळली जाते ती हीच पायरी. नंतर सगळं बंद करून दाब चढू द्या. ८ बारच्या आसपास मोटर बंद व्हायला हवी आणि त्याच क्षणी प्रेशर स्विचपाशी 'फुस्स' आवाज यायला हवा. तो अनलोडर आहे. हेड आणि टाकी यांच्यामधल्या नळीतली हवा सोडून देतो, म्हणून पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागत नाही. ६ बारच्या आसपास मोटर परत लागायला हवी. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी एकदा ओढून हवा सुटते का बघा. ८ बारच्या यंत्रावर तो ९ च्या आसपास उघडणारा असतो. तो गळतो म्हणून प्लग मारणारे लोक असतात, त्यांच्या गॅरेजात थांबू नये.

साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. मग टाकी ७ बारवर बंद करून दहा मिनिटांनी काटा पाहा, टाकी गार होताना किंचित उतरतो ते सोडून. १०० लिटरच्या टाकीत दहा मिनिटांत १ बार उतरला तर मिनिटाला १० लिटर गळतंय. पाच सीएफएमच्या पंपाला हे सात टक्के झाले.

पाणी

जुलैत कोकणात हवा ३० अंश आणि ८० टक्के दमट असते, तेव्हा एका घनमीटर हवेत २४ ग्रॅम पाणी असतं. ८ बारला दाबून गार झाली की त्यातलं साडेतीन ग्रॅमच वाफ म्हणून राहू शकतं, उरलेलं २० ग्रॅमहून जास्त पाणी टाकीत पडतं. ५ सीएफएमचा पंप तासाला साडेआठ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तासाभरात पावणेदोनशे मिलिलिटर पाणी. चहाचा मोठा पेला भरेल एवढं. तोच पंप मे महिन्यात नागपुरात ४४ अंशांना, १५ टक्के आर्द्रतेत चालला तर घनमीटरला दोनेक ग्रॅमच पडतं. त्यामुळे विदर्भातल्या माणसाचा "आमच्याकडे पाणी येतच नाही" हा अनुभव खरा असतो, पण तो मेपुरता.

पावसाळ्यात प्रत्येक वापरानंतर, एरवी आठवड्याला एकदा तळाचं पाणी काढा, टाकीत एक-दीड बार ठेवून, म्हणजे पाणी जोराने निघतं. तळाचा कॉक वाकून उघडावा लागतो म्हणून तो उघडलाच जात नाही. दाब शून्य करून तो काढा, तिथे एल्बो आणि हातभर पाइप लावून बाजूला बॉल व्हॉल्व्ह आणा. जुलै-ऑगस्टमध्ये पॉलीयुरेथेन रंग मारायचा असेल तर फिल्टरच्या पुढे सिलिका जेलचा ड्रायर लावावा लागतो. निळे दाणे गुलाबी झाले की भाजून परत वापरायचे.

तेल पहिल्या ५० तासांनी बदला, त्यानंतर पुस्तिकेत दिलेल्या अंतराने, बहुधा २०० ते ३०० तासांनी. दुधाळ दिसलं तर लगेच. असं तेल पंप थोडाथोडाच वेळ चालतो आणि पुरता तापत नाही, म्हणून पाणी उडून जात नाही, याची खूण असते. एअर फिल्टर महिन्याला झटका.

काय बिघडतं आणि का

मोटर बंद झाल्यावर 'फुस्स' थांबतच नाही, बारीक हवा येत राहते: अनलोडर नव्हे, टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. टाकीतली हवा उलटी येऊन अनलोडरमधून बाहेर पडते. दाब शून्य करा, व्हॉल्व्ह उघडा, काजळी पुसून रबर बदला. लोक प्रेशर स्विच बदलतात आणि दोष तसाच राहतो.

रिकाम्या टाकीवर मोटर सुरू होते पण ६ बारला घूं-घूं करून अडते: अनलोडर हवा सोडत नाहीये किंवा स्टार्ट कपॅसिटर कमजोर झालाय किंवा व्होल्टेज कमी आहे. आधी व्होल्टमीटर बघा, फुकटात होतं. कपॅसिटरला हात लावायच्या आधी वीज बंद करून तो डिस्चार्ज करा.

पंप फिरतो, आवाज नेहमीसारखा, पण दाब ४ बारच्या वर चढत नाही आणि हवा फिल्टरमधून उलटी ढुसण्या देते: इनलेट रीड व्हॉल्व्हची पत्ती तुटली किंवा काजळीने उघडी राहिली. हेडचे बोल्ट तिरक्या क्रमाने सोडा, नवी पत्ती आणि नवं गॅस्केट घाला, आणि तिरक्याच क्रमाने दोन टप्प्यांत आवळा.

गनमधून तेल येतं: तेल जास्त भरलंय, नाहीतर एअर फिल्टर चोंदल्यामुळे पंप क्रँककेसमधून तेल ओढतोय. या दोन्ही गोष्टी पाहिल्यानंतरच रिंगांवर संशय घ्या.

टाकीच्या तळाशी टाचणीएवढं छिद्र पडून हवा सुटू लागली, तर आजूबाजूचा पत्राही तेवढाच खाल्लेला असतो. एम-सील किंवा वेल्ड मारून भागवू नका. पंप आणि मोटर काढून नवी टाकी घ्या, आणि जुनी भंगारात देण्याआधी पूर्ण रिकामी करून तिचा प्लग उघडून तळाला मोठी भोकं पाडा, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या जुगाडात पोचणार नाही.